बातमी लिहितो कोण? आयडा वेल्स यांच्या लेखणीचा सवाल

९ मार्च १८९२ ची पहाट. अमेरिकेच्या दक्षिणेकडील टेनेसी राज्यातल्या मेम्फिस शहरात तोंडाला फडकी बांधलेली पाऊणशे गोरी माणसे तुरुंगात शिरली. त्यांनी तीन कृष्णवर्णीय कैद्यांना ओढून बाहेर काढले, रेल्वेमार्गाने शहराबाहेर नेले आणि गोळ्या घालून ठार केले. सरकारी चौकशीत मारेकरी अज्ञात ठरले. कुणाला अटक नाही, कुणावर खटला नाही. पण त्याच सकाळी शहरातील गोऱ्यांच्या एका दैनिकाने आपला अंक मुद्दाम उशिरा काढला. तिघांना कसे नेले, मरताना कोण काय बोलले, कुणी झटापट केली, याचा इत्थंभूत वृत्तांत त्या अंकात होता. पोलिसांना जे दिसले नाही ते वार्ताहराला दिसले. मारेकऱ्यांची नावे तेवढी त्यालाही दिसली नाहीत!

मेम्फिसमध्ये तेव्हा दर शंभर माणसांत चाळीसहून अधिक माणसे कृष्णवर्णीय होती. शहराचा कापूस तीच उचलत होती, गाड्या तीच हाकत होती, घरे तीच झाडत होती. पण शहराच्या मोठ्या दैनिकांच्या संपादकीय खात्यात त्यांच्यापैकी एकालाही जागा नव्हती. म्हणजे जवळजवळ निम्म्या शहराची बातमी उरलेले निम्मे शहर लिहीत होते. मारणारा, बघणारा आणि लिहिणारा एकाच वस्तीतला. अशा वेळी मेलेल्या माणसाच्या बाजूने कोण लिहिणार?

त्या शहरात एकीने लिहिले. तिचे नाव आयडा बी. वेल्स. वृत्तपत्राच्या कचेरीत कोणत्या समाजाची माणसे बसतात, हा प्रश्न अमेरिकेत आजही गाजतो आहे. काहींना तो नोकऱ्यांच्या वाटणीचा प्रश्न वाटतो. तो खऱ्याखोट्याचा प्रश्न आहे, हे समजून घ्यायचे तर या बाईचे आयुष्य वाचले पाहिजे.

आयडाचा जन्म १६ जुलै १८६२ रोजी मिसिसिपी राज्यातील होली स्प्रिंग्ज या गावी झाला. जन्मली तेव्हा ती गुलाम होती, कारण तिचे आईबाप गुलाम होते. वडील जिम सुतारकाम करीत, आई लिझी स्वयंपाक करी. यादवी युद्ध संपले, गुलामगिरी गेली आणि काळ्या पुरुषांना मताचा हक्क मिळाला. जिम जुन्या मालकाकडेच मजुरीवर सुतारकाम करीत होते. मालकाने आपल्या पक्षाला मत द्यायला सांगितले. जिमनी ते दिले नाही. मत देऊन परत येतात तो सुतारखान्याला कुलूप. त्यांनी कुणाची विनवणी केली नाही. बाजारात गेले, नवी हत्यारे विकत घेतली, भाड्याने घर घेतले आणि स्वतःचे काम सुरू केले. लेकीने हे बघितले.

आणखी एक गोष्ट तिने बापाच्या घरी केली. वडील आणि त्यांचे मित्र संध्याकाळी जमत आणि ही शाळकरी पोर त्यांना वर्तमानपत्र वाचून दाखवी. ज्यांना अक्षर शिकणे कालपर्यंत गुन्हा होता, ती माणसे एका लहान मुलीच्या तोंडून जगाची बातमी ऐकत होती. आयडा वेल्स यांची पत्रकारिता खरे तर तिथेच सुरू झाली.

१८७८ साली पीतज्वराची साथ आली. आयडा तेव्हा आजीकडे होती. काही दिवसांच्या अंतराने आई, वडील आणि तान्हा भाऊ गेल्याचे तिला कळले. प्रवासी गाड्या बंद होत्या, ती मालगाडीत बसून घरी परतली. सोळा वर्षांची पोर. पाठची भावंडे वेगवेगळ्या घरी वाटून द्यावीत असे नातलग आणि स्नेही मंडळींचे ठरले होते. आयडाने नकार दिला. झगे लांब करून घेतले, वय वाढवून सांगितले आणि महिना पंचवीस डॉलरवर खेड्यातल्या शाळेत शिक्षिकेची नोकरी धरली. आठवडाभर शिकवायचे आणि शुक्रवारी खेचरावर बसून घरी यायचे, भावंडांचे कपडे धुवायचे, स्वयंपाक करून ठेवायचा, असा तिचा क्रम होता. पुढे काही भावंडांची सोय लागल्यावर ती मेम्फिसला आली आणि तिथल्या शाळांत शिकवू लागली.

१८८४ ची गोष्ट. आयडा वेल्स पहिल्या वर्गाचे तिकीट काढून बायकांच्या डब्यात बसल्या होत्या. तिकीट तपासनिसाने त्यांना उठवून धुराच्या डब्यात जायला सांगितले. त्या उठल्या नाहीत. त्याने हात धरला, तेव्हा त्यांनी त्याच्या हाताला कडकडून चावा घेतला. शेवटी तिघा पुरुषांनी मिळून त्यांना बाहेर काढले आणि डब्यातल्या गोऱ्या उतारूंनी टाळ्या वाजवल्या. वेल्स यांनी रेल्वे कंपनीवर खटला भरला. खालच्या कोर्टात त्या जिंकल्या, पाचशे डॉलरची भरपाई मिळाली. मेम्फिसच्या दैनिकाने ही बातमी छापली, पण मथळ्यातच त्यांच्या रंगाची टिंगल केली. एका शिक्षिकेने कायद्याने हक्क मिळवला ही बातमी नव्हतीच. एक काळी पोरगी पैसे घेऊन गेली, ही बातमी होती. तीन वर्षांनी, १८८७ साली, राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल फिरवला आणि खटल्याचा खर्चही त्यांच्याच माथी मारला.

या खटल्याची हकीकत वेल्स यांनी स्वतः लिहिली, ती काळ्या समाजाच्या ‘लिव्हिंग वे’ या साप्ताहिकात. पुढे ‘आयोला’ या टोपणनावाने त्यांचे लेख ठिकठिकाणच्या काळ्या वृत्तपत्रांतून येऊ लागले. साधी भाषा, छोटी वाक्ये. ज्यांना जेमतेम वाचता येते त्यांच्यासाठी लिहायचे आहे, हे त्यांनी पहिल्यापासून ठरवले होते. १८८९ साली त्यांनी ‘फ्री स्पीच’ या मेम्फिसच्या पत्रात एक तृतीयांश भाग विकत घेतला. फक्त लेखिका म्हणून यायची त्यांची तयारी नव्हती. बरोबरीची मालकी असेल तरच येईन, ही त्यांची अट होती. दोन पुरुष भागीदारांनी ती मान्य केली आणि आयडा वेल्स संपादक झाल्या.

दोन वर्षांनी, १८९१ साली, त्यांनी शहरातल्या काळ्या मुलांच्या शाळांची दुरवस्था आपल्या पत्रात मांडली. इमारती कोंदट, शिक्षक पुरेसे तयार नाहीत, नेमणुका वशिल्याच्या. शाळा मंडळाने उत्तर काय दिले? वेल्स यांची नोकरी काढून घेतली. काही पालकांनीही, नोकरी जाईल असे कशाला लिहायचे, म्हणून त्यांनाच बोल लावला. वेल्स यांना त्याचे दुःख झाले. पण त्या रडत बसल्या नाहीत. रेल्वेने मिसिसिपी खोऱ्यातली गावे पालथी घालून वर्गणीदार जमवू लागल्या. वर्षभराच्या आत खप दुपटीहून वाढला.

तेव्हा एक गंमत झाली. पुष्कळ गिऱ्हाइकांना वाचता येत नव्हते. ती ‘फ्री स्पीच’ मागत आणि रेल्वेतली विकणारी पोरे त्यांच्या हाती भलतेच पत्र ठेवत. वेल्स यांनी युक्ती काढली. त्यांनी आपले पत्र गुलाबी कागदावर छापायला सुरुवात केली. मग निरक्षर माणूसही रंग बघून आपले पत्र मागू लागला, घरी नेऊन शेजारच्या शिकलेल्या पोराकडून वाचून घेऊ लागला. वाचक कोण आहे, त्याची अडचण काय आहे, हे ज्याला घरातूनच ठाऊक असते त्यालाच असे सुचते.

आता त्या १८९२ च्या पहाटेकडे येऊ. मारल्या गेलेल्या तिघांची नावे थॉमस मॉस, कॅल्विन मॅकडॉवेल आणि विल स्टुअर्ट. मॉस पोस्टमन होते आणि वेल्स यांचे जिवलग मित्र. त्यांच्या मुलीच्या वेल्स धर्ममाता होत्या. मॉस यांनी काही मित्रांना जमवून भागीदारीत ‘पीपल्स ग्रोसरी’ हे किराणा दुकान काढले होते. समोरच एका गोऱ्याचे दुकान होते आणि तोवर त्या वस्तीत त्याची मक्तेदारी होती. गिऱ्हाईक फुटले. पोरांच्या गोट्यांच्या खेळातल्या भांडणाचे निमित्त झाले आणि प्रकरण चिघळत गेले. एका रात्री हत्यारबंद गोरे मागच्या दाराने दुकानावर चालून आले. आतून गोळ्या सुटल्या, तिघे गोरे जखमी झाले. गोऱ्या पत्रांनी दुसऱ्या दिवशी छापले की काळ्या गुंडांच्या अड्ड्यावर कायद्याच्या अंमलदारांवर हल्ला झाला. किराणा दुकानाचा गुंडांचा अड्डा झाला! मग धरपकड झाली, आणि चार दिवसांनी तुरुंगाचे दार उघडले. जखमी गोऱ्यांपैकी एकही मेला नव्हता.

वेल्स तेव्हा वर्गणीदार मिळवण्यासाठी नाचेझ गावी होत्या. परतल्या तेव्हा मॉस यांना पुरले होते. आपल्या माणसांना पश्चिमेकडे जायला सांगा, इथे त्यांना न्याय नाही, असे मॉस मरण्यापूर्वी म्हणाल्याचे गोऱ्या दैनिकातच छापून आले होते. वेल्स यांनी तेच वाक्य उचलले. ज्या शहरात आपला जीव आणि आपली मालमत्ता राखली जात नाही ते शहर सोडा, असे त्यांनी ‘फ्री स्पीच’मधून सांगितले. हजारो माणसे निघाली. जी राहिली त्यांनी ट्रामवर बहिष्कार टाकला. सहा आठवड्यांनी ट्राम कंपनीचे दोन अधिकारी ‘फ्री स्पीच’च्या कचेरीत आले. काळे लोक विजेच्या गाड्यांना घाबरतात काय, असे विचारू लागले. गिऱ्हाईक कधीपासून घटले, हे वेल्स यांनी विचारले आणि तिघांच्या खुनालाही तितकेच आठवडे झाल्याचे दाखवून दिले.

स्थलांतर थांबवण्यासाठी गोरी पत्रे लिहू लागली की ओक्लाहोमात गेलेले लोक उपाशी मरत आहेत. वेल्स यांनी अग्रलेख लिहून वाद घातला नाही. त्या स्वतः ओक्लाहोमाला गेल्या, तीन आठवडे फिरल्या, काय बघितले ते छापले. हीच त्यांची रीत. जा, बघा, विचारा, मग लिहा.

आता मुख्य मुद्दा. कोर्टाबाहेर जमावाने माणूस ठार मारण्याला अमेरिकेत लिंचिंग म्हणत. १८९२ या एका वर्षात १६१ कृष्णवर्णीयांचे असे बळी गेल्याची नोंद टस्कीगी संस्थेने ठेवलेली आहे. गोरी पत्रे त्याचे एकच कारण देत, ते म्हणजे गोऱ्या स्त्रीवर अत्याचार. हे इतके वेळा छापले गेले होते की पुष्कळ सज्जन माणसांनाही ते खरे वाटे. वेल्स यांनी कबूल केले आहे की त्यांनाही ते काहीसे खरे वाटत असे. पण मॉस यांच्यावर तर असा आरोपही नव्हता. मग वेल्स एकेक प्रकरण तपासू लागल्या. मिसिसिपीतल्या ट्युनिका परगण्यातली बातमी होती की शेरीफच्या सात वर्षांच्या मुलीवर अत्याचार करणाऱ्या काळ्याला जमावाने मारले. वेल्स तिथे गेल्या. ती मुलगी सतरा वर्षांहून मोठी होती, आणि आपल्या राजीखुशीने त्या माणसाच्या खोपटात जात होती. बाप तिथे पोहोचला म्हणून बोभाटा झाला. बातमीत सतराचे सात झाले होते. ही छपाईची चूक नव्हती.

२१ मे १८९२ रोजी ‘फ्री स्पीच’मध्ये एक छोटे स्फुट आले. अत्याचाराच्या या जुन्या थापेवर आता कुणाचा विश्वास नाही, आणि गोरे पुरुष ती फार ताणतील तर त्यांच्याच स्त्रियांच्या अब्रूबद्दल लोक वेगळा निष्कर्ष काढतील, असा त्याचा आशय होता. खाली सही नव्हती. चार दिवसांनी ‘डेली कमर्शियल’ आणि ‘इव्हिनिंग सिमिटर’ या दैनिकांनी लिहिणाऱ्याला धडा शिकवण्याची हाक दिली. लिहिणारा पुरुष असणार असे धरून त्याचे जाहीर हाल कसे करावेत याचेही वर्णन केले. २७ मेला जमावाने ‘फ्री स्पीच’ची कचेरी आणि छापखाना उद्ध्वस्त केला. भागीदार आधीच पळाला म्हणून वाचला. वेल्स योगायोगाने पूर्वेकडे प्रवासात होत्या. मेम्फिसला परतलात तर मारल्या जाल, असे निरोप आले. त्यानंतर कित्येक वर्षे त्यांना दक्षिणेत पाऊल टाकता आले नाही. ‘कमर्शियल’चे संपादक एडवर्ड कारमॅक मात्र पुढे अमेरिकेच्या सिनेटमध्ये जाऊन बसले.

वाचकहो, एका वृत्तपत्राने दुसरे वृत्तपत्र उद्ध्वस्त करायला लावले. वृत्तपत्र स्वातंत्र्याच्या बाजूने मेम्फिसच्या कोणत्या मोठ्या संपादकाने तेव्हा लेखणी उचलली?

न्यूयॉर्कला ‘न्यूयॉर्क एज’ या काळ्या पत्राचे संपादक टी. थॉमस फॉर्च्युन यांनी वेल्स यांना जागा दिली. ‘फ्री स्पीच’च्या वर्गणीदारांच्या यादीच्या बदल्यात त्यांना पत्रात भाग मिळाला. २५ जून १८९२ च्या अंकात त्यांनी पहिल्या पानावर सात स्तंभ लिहून सगळी प्रकरणे नावगावासह मांडली. दहा हजार प्रती काढल्या गेल्या. न्यूयॉर्क आणि ब्रुकलिनच्या काळ्या स्त्रियांनी सभा घेऊन पाचशे डॉलर जमवले आणि त्यातून ‘सदर्न हॉरर्स’ ही पुस्तिका निघाली. फ्रेडरिक डग्लस यांनी तिच्यासाठी पत्र लिहून दिले. १८९५ साली ‘अ रेड रेकॉर्ड’ हा आकडेवारीसह मोठा अहवाल आला.

या लेखनातली हुशारी बघण्यासारखी आहे. काळ्या बाईच्या शब्दावर कुणी विश्वास ठेवणार नाही, हे त्यांना ठाऊक होते. म्हणून त्यांनी आकडे घेतले ते गोऱ्यांच्याच पत्रांतून. ‘शिकागो ट्रिब्यून’ दरवर्षी लिंचिंगची यादी छापत असे. ती मोजून त्यांनी दाखवले की आठ वर्षांत ७२८ कृष्णवर्णीय मारले गेले आणि त्यांपैकी जेमतेम तिसऱ्या हिश्शावर अत्याचाराचा आरोप तरी होता. सिद्ध होणे तर दूरच. बाकीचे उद्धटपणासाठी, भांडणासाठी, चोरीच्या संशयासाठी किंवा काहीच कारण नसताना मारले गेले. आकडे गोऱ्या कचेऱ्यांतच पडून होते. ते जोडून बघावेत असे मात्र तिथे बसलेल्यांपैकी कुणाला वाटले नव्हते. ज्याच्या घरातला माणूस मेला त्यालाच बेरीज करावीशी वाटली.

१८९३ आणि १८९४ साली वेल्स इंग्लंडला गेल्या. दुसऱ्या खेपेला ‘शिकागो इंटर ओशन’ या गोऱ्या दैनिकाने त्यांना पगारी वार्ताहर नेमले. गोऱ्यांच्या मोठ्या दैनिकासाठी परदेशातून लिहिणारी कृष्णवर्णीय स्त्री तेव्हा नवलाईची होती. इंग्लंडमध्ये सभा झाल्या, तिथली पत्रे अमेरिकेला जाब विचारू लागली. मेम्फिसच्या कापसाचे मोठे गिऱ्हाईक इंग्लंड. त्याच वर्षी मेम्फिसजवळ आणखी सहा काळ्यांना मारण्यात आले, तेव्हा शहरातल्या गोऱ्या व्यापाऱ्यांना आणि पत्रांना प्रथमच जाहीर निषेध करावा लागला. ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने मात्र १८९४ साली वेल्स यांच्यावर घाणेरड्या शब्दांत चिखलफेक केली.

१८९५ साली त्यांनी शिकागोचे वकील फर्डिनंड बार्नेट यांच्याशी लग्न केले. बार्नेट यांनीच शिकागोचे ‘कन्झर्व्हेटर’ हे काळ्या समाजाचे पत्र काढले होते. वेल्स त्याच्या संपादक झाल्या. चार मुले झाली. तान्हे मूल कडेवर घेऊन त्या सभांना जात.

शिकागोत एक प्रसंग घडला, तो आजच्या विषयाला चपखल लागू पडतो. साधारण १९०० च्या सुमारास ‘शिकागो ट्रिब्यून’ने काळ्या आणि गोऱ्या मुलांच्या शाळा वेगळ्या कराव्यात असे सुचवणारी लेखमाला चालवली. तीत पुष्कळांची मते होती, फक्त काळ्या पालकांची नव्हती. वेल्स यांनी संपादकांना पत्र लिहिले, ते छापले गेले नाही. मग त्या स्वतः कचेरीत गेल्या. संपादकांना वाटले, कुणी बाई चर्चसाठी वर्गणी मागायला आली आहे. ज्या पत्राच्या याद्यांवरून वेल्स यांनी लिंचिंगचे सत्य जगाला सांगितले, त्याच पत्राच्या संपादकाला समोरची काळी स्त्री वाचक असेल, पालक असेल, पत्रकार असेल, असे सुचलेच नाही. त्यांचे ऐकून घेतले गेले नाही, तेव्हा वेल्स समाजसेविका जेन अ‍ॅडम्स यांच्याकडे गेल्या. अ‍ॅडम्स यांनी शहरातली प्रतिष्ठित गोरी मंडळी जमवली, शिष्टमंडळ गेले आणि लेखमाला थांबली. काळ्या आईचे म्हणणे संपादकाच्या कानी जायला गोरे तोंड लागले.

वेल्स यांचे फिरणे थांबले नाही. १९०९ साली इलिनॉयमधल्या केरो गावी लिंचिंग झाले. राज्याच्या नव्या कायद्याप्रमाणे शेरीफची नोकरी गेली, पण तो परत मागू लागला. वेल्स तिथे गेल्या, साक्षीपुरावे गोळा केले, गव्हर्नरसमोर एकटीने बाजू मांडली. गव्हर्नरने शेरीफला परत घेतले नाही. १९१९ साली आर्कान्सा राज्यात एलेन गावाच्या परिसरात शंभराहून अधिक कृष्णवर्णीय मारले गेले आणि उलट त्यांच्यापैकीच बारा जणांना फाशीची शिक्षा झाली. पत्रांत आले की काळ्यांनी गोऱ्यांच्या कत्तलीचा कट केला होता. वेल्स कैद्यांची नातलग बनून त्यांच्या बायकांबरोबर तुरुंगात गेल्या आणि पहारेकऱ्याच्या नाकासमोर बाराही जणांच्या हकीकती ऐकून घेतल्या. कट होता तो कापसाला योग्य भाव मागण्याचा! बटाईने कसणाऱ्या शेतकऱ्यांनी संघटना काढली होती. वेल्स यांची पुस्तिका १९२० साली आली. १९२३ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने जमावाच्या दहशतीखाली चाललेला खटला हा खटलाच नव्हे असे ठरवले आणि पुढे बाराही जण सुटले.

त्या स्वभावाने तडजोडीच्या नव्हत्या. एनएएसीपी ही काळ्यांच्या हक्कांची मोठी संघटना ज्या परिषदेतून १९०९ साली उभी राहिली, तिथल्या समितीच्या यादीतून त्यांचे नाव आधी वगळले गेले, मग घातले गेले. त्या रागावल्या आणि हळूहळू दूर झाल्या. १९१३ साली वॉशिंग्टनच्या स्त्री-मताधिकाराच्या मोर्चात काळ्या स्त्रियांनी शेवटी चालावे असे सांगण्यात आले, तेव्हा त्या मधूनच शिरून आपल्या राज्याच्या तुकडीबरोबर चालल्या. २५ मार्च १९३१ रोजी शिकागोत त्यांचे निधन झाले. आत्मचरित्र अर्धेच राहिले होते, ते त्यांच्या मुलीने १९७० साली प्रसिद्ध केले. ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने त्यांच्या मृत्यूची दखल मृत्युलेखाने घेतली नाही. तो मृत्युलेख छापून आला २०१८ साली, म्हणजे सत्त्याऐंशी वर्षांनी!

वेल्स गेल्या, पण गोऱ्या कचेऱ्यांचे काय झाले? १९६७ साली अमेरिकेची शहरे पेटली. राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी नेमलेल्या कर्नर आयोगाने १९६८ साली अहवाल दिला. दंगलींची कारणे शोधताना आयोगाने वृत्तपत्रांनाही सोडले नाही. संपादकीय कामातली काळी माणसे शंभरात पाचसुद्धा नाहीत आणि वरच्या जागांवर तर शंभरात एकही नाही, हे आयोगाने नोंदवले. काळ्या वस्तीत काय धुमसते आहे हे पत्रांना कळले नाही, कारण त्या वस्तीतून येणारा कुणी कचेरीत नव्हता. दहा वर्षांनी, १९७८ साली, संपादकांच्या संघटनेने ठराव केला की लोकसंख्येत अल्पसंख्य वंशांचे जेवढे प्रमाण, तेवढेच कचेऱ्यांत २००० सालापर्यंत करू. तेव्हा ते प्रमाण होते शंभरात जेमतेम चार. २००० साल जवळ आले तेव्हा मुदतच २०२५ पर्यंत ढकलली. २०१८ च्या पाहणीत सहभागी झालेल्या कचेऱ्यांत हे प्रमाण शंभरात बावीसच्या आसपास होते, देशात ते चाळीसच्या घरात होते. त्या वर्षी फार थोड्या पत्रांनी आपले आकडे कळवले, ही आणखी एक गोष्ट. २०२२ च्या प्यू संशोधन केंद्राच्या पाहणीत पत्रकारांमध्ये कृष्णवर्णीय शंभरात सहा, तर एकूण काम करणाऱ्यांत अकरा. ठराव केला, तारीख दिली, तारीख गेली. आपल्याकडच्या अनुशेषाच्या गोष्टी ज्यांनी बघितल्या आहेत त्यांना हे नवीन वाटणार नाही.

उशिरा का होईना, काहींनी माफी मागितली. अलाबामातल्या ‘माँटगोमेरी अ‍ॅडव्हर्टायझर’ने २०१८ साली लिंचिंगच्या काळातील आपल्या लेखनाबद्दल माफी मागितली. ४ मे २०२० रोजी वेल्स यांना मरणोत्तर पुलित्झर सन्मान जाहीर झाला. त्याच महिन्याच्या अखेरीस जॉर्ज फ्लॉइड यांच्या हत्येविरुद्धच्या निदर्शनांत टेनेसीच्या विधानभवनासमोरचा कारमॅकचा पुतळा लोकांनी पाडला. पुढच्या वर्षी मेम्फिसमध्ये वेल्स यांचा पुतळा उभा राहिला. लिंचिंगविरोधी केंद्रीय कायदा मात्र २०२२ साली झाला.

हा प्रश्न एका अमेरिकन माणसानेच आपल्या देशातही आणून टाकला होता. १९९६ साली ‘वॉशिंग्टन पोस्ट’चे दिल्लीतील प्रतिनिधी होते केनेथ कूपर. ते स्वतः कृष्णवर्णीय. एका बातमीसाठी त्यांना दलित पत्रकाराशी बोलायचे होते. त्यांना एकही सापडेना. त्यांनी पत्रकार बी. एन. उनियाल यांना विचारले. तीस वर्षे पत्रकारितेत काढलेल्या उनियाल यांच्या लक्षात आले की आपणही एकाही दलित पत्रकाराला ओळखत नाही. त्यांनी ६८६ मान्यताप्राप्त पत्रकारांची सरकारी यादी चाळली, आडनावे बघितली, संशयाच्या जागी फोन केले. एकही मिळाला नाही. २००६ साली दिल्लीतल्या ३७ माध्यम संस्थांमधील ३१५ वरिष्ठ पत्रकारांची पाहणी झाली, त्यात अनुसूचित जाती-जमातींचा एकही नव्हता. २०१९ च्या पाहणीत वरच्या १२१ जागांपैकी १०६ उच्चवर्णीयांकडे होत्या, अनुसूचित जाती-जमातींकडे शून्य. वर्षे बदलली, शून्य बदलले नाही. आपल्या कचेरीतला भेद आपल्या संपादकांना दिसला नाही, तो परदेशातून आलेल्या काळ्या माणसाला दिसला. कारण त्याने तो भोगलेला होता.

बाबासाहेबांनी ३१ जानेवारी १९२० रोजी ‘मूकनायक’ काढला, तेव्हा त्याची पैसे देऊन जाहिरात छापायलाही ‘केसरी’ तयार नव्हता. त्याच १९२० साली आयडा वेल्स यांची आर्कान्साच्या बारा कैद्यांवरील पुस्तिका निघाली होती. दोघांची गाठ कधी पडली नाही. पण दुसऱ्याच्या कचेरीत आपली बातमी खरी छापली जाणार नाही, हे दोघांनाही कळून चुकले होते.

तेव्हा दोन गोष्टी मागितल्या पाहिजेत. पहिली, प्रत्येक मोठ्या वृत्तपत्राने आणि वाहिनीने आपल्या संपादकीय खात्यात कोणत्या समाजाची किती माणसे आहेत ते दरवर्षी जाहीर करावे. अमेरिकेतल्या पत्रांनी निदान मोजायला सुरुवात केली, आपल्याकडे मोजायचेच नाही असे ठरलेले दिसते. दुसरी मागणी आपण आपल्याकडेच करायची. आपल्या वस्तीतल्या किती मुलामुलींना आपण वार्ताहर व्हायला सांगतो? कारकून हो, मास्तर हो, इंजिनिअर हो, हे सांगतो. घटना घडली की जा, बघ, विचार, मोज आणि लिही, हे सांगतो काय?

मिसिसिपीच्या खोऱ्यात कापूस वेचणाऱ्या माणसांना अक्षर येत नव्हते. त्यांनी गुलाबी रंग ओळखून आपले पत्र विकत घेतले आणि दुसऱ्याकडून वाचून घेतले. आपल्याला आज अक्षर येते. मग आपली बातमी कोण लिहितो हे विचारायला आपण कशाची वाट बघतो आहोत?